कबरी आली नाही हे कळतं, पण शेरडं किती ते सांगता येत नाही

हे एका पोराचं प्रकरण आहे. वय चार वर्षं आठ महिने, गेल्या वर्षी जूनमधे आमच्या अंगणवाडीत यायला लागला. गाव माण तालुक्यातलं, म्हणजे सातारा जिल्ह्याची ती कोरडी पूर्वेकडची बाजू, माळ, बाभळी आणि मेंढरं. पोराच्या घरची मेंढरं आहेत, दिवाळी झाली की आई-बाप कळप घेऊन बाहेर पडतात ते पावसाच्या तोंडाला परत येतात, आजी मात्र घरीच असते आणि तिच्याकडं सात शेरडं, म्हणजे शेळ्या. पोराचं नाव मी लिहिणार नाही, शेरडंवाला म्हटलं तरी पुरे.

मी सेविका आहे, चौदा वर्षं झाली. खालचं सगळं माझ्या वहीतल्या नोंदींवरून लिहितेय, जून ते दिवाळी असा पाच महिन्यांचा काळ आहे, आणि मधे माझं जिथं चुकलं तेही लिहितेय कारण मला स्वतःला जास्त शिकायला तिथंच मिळालं.

तर पहिल्या आठवड्यात काय दिसलं. पोरगा एक ते वीस एका दमात म्हणायचा, अगदी मोठ्यानं, मान डोलावत, त्यातला चौदा कधी यायचा कधी गायब, पण एकूण बरं म्हणायचा आणि मला वाटलं याला येतंय. मग मी माझी नेहमीची टेस्ट घेतली. चिंचोक्यांचा डबा पुढं ठेवला आणि म्हटलं, मला एक दे. दिला. दोन दे. दिले. तीन दे म्हटलं तर कधी तीन कधी चार. आणि चार दे म्हटल्यावर सरळ मूठ भरून दिली, मोजले तर नऊ. पाच मागितले तरी मूठ, सात मागितले तरी तीच मूठ. दुसऱ्या दिवशी सहा चिंचोके ओळीत मांडून म्हटलं मोज, तर एकेकावर बोट ठेवून नीट मोजले, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, कुठं चूक नाही. मग मी विचारलं, "किती झाले?" तर परत पहिल्यापासून एक, दोन, तीन. परत विचारलं, परत पहिल्यापासून. तिसऱ्यांदा विचारल्यावर माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की बाईंना ऐकू येत नाही का.

हे एकट्या त्याचंच नाही, या वयाच्या बऱ्याच पोरांचं असं असतं. एवढे दे, तेवढे दे अशी ही साधी तपासणी करेन विन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या सुमाराला केली होती आणि त्यांना दिसलं ते हेच, की मूल आधी एकचा अर्थ शिकतं, मग काही महिन्यांनी दोनचा, मग तीनचा, आणि मग कधीतरी एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडतो की मोजताना शेवटी जो आकडा येतो तोच "किती" चं उत्तर. तोवर एक ते वीस हे त्याच्यासाठी गाणं असतं. गाणं पाठ असण्यात वाईट काही नाही, क्रम तर पाठ लागतोच, पण आपण मोठी माणसं त्या गाण्यावर फसतो. पाहुणे आले की पोराला उभं करून एक ते पन्नास म्हणायला लावतात, टाळ्या वाजवतात, आणि त्याच पोराला सांगा चार वाट्या आण, तर तो किती आणेल सांगता येत नाही. मी पण त्या वेळी वहीत लिहून टाकलं, "संख्याज्ञान कच्चं, सराव हवा."

आणि मग जुलैच्या सुरुवातीला मी त्याच्या घरी गृहभेटीला गेले. संध्याकाळची वेळ, आजी चुलीपाशी, मी ओट्यावर बसून वजनाचं, आहाराचं बोलत होते. शेरडं माळावरून परत आली, अंगणात घुसली, एकमेकींना ढकलत पाण्याच्या घमेल्याकडं, नुसती धांदल, मी तर बघत होते तरी मला आकडा लागला नसता. हा पोरगा उंबऱ्यात बसून भाकरी खात होता. त्यानं एकदा मान वर केली आणि म्हणाला, "आजे, कबरी न्हाई आली."

आजीनं बघितलं पण नाही, सरळ काठी घेऊन बाहेर पडली, आणि पाचेक मिनिटांत कबरीला शेजारच्या बाभळीखालून शेंगा खाताना ओढून आणलं. मी त्याला विचारलं, "तुला कसं कळलं रे?" तो म्हणाला, "दिसली न्हाई." मग मी मुद्दाम विचारलं, "आता किती आल्यात?" तर झालं सुरू, एक, दोन, तीन, आणि शेरडं हलत होती म्हणून तो बारापर्यंत गेला. शेरडं सातच.

घरी येताना माझ्या डोक्यातून ते जाईना. ज्या पोराला मी कच्चा म्हणून लिहिलं होतं त्याला एका नजरेत कळतं की सातातलं एक कमी आहे, आणि तेही न मोजता, कारण त्याच्यासाठी ती सात नाहीतच, ती कबरी, काळी, तांबडी, मुंडी, बांडी, लांबकानी आणि लंगडी आहेत. प्रत्येकीला तो तोंडावरून ओळखतो. मग त्यानं मोजायचं कशाला? आपण तरी घरातली माणसं जेवायला बसली की मोजतो का, कोण नाही ते आपल्याला दिसतंच. म्हणजे त्याला मोजता येत नव्हतं असं नाही, त्याला आकड्याचं कधी काम पडलेलंच नव्हतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथं आहे आणि पुढचे चार महिने मी एवढंच शोधत होते, की खेळात असं काय आणू की त्याला आकड्यावाचून अडेल.

इथं एक सांगावंसं वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढं कोसबादला गेल्या, तेव्हा आदिवासी पोरं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्दच तिथला. आणि जी पोरं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली, गुरं चरतायत आणि तिथंच शिकणं चाललंय. मी हे ट्रेनिंगमधे ऐकलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि तरी माझ्या भिंतीवर चार्ट कसला, तर एक हत्ती, दोन सिंह, तीन जिराफ. माणमधल्या पोराला जिराफ! गावात शेरडं, मेंढरं, खिल्लार बैल, कोंबड्या एवढं सगळं असताना. मला खरंच वाईट वाटलं.

पहिला प्रयत्न मात्र साफ फसला. मी उत्साहात मुलांकडून चिकणमातीच्या गाई, शेरडं, कोंबड्या करून घेतल्या, कोपऱ्यात चिपाडांचं कुंपण करून गोठा मांडला, आणि मग काय केलं तर गोठ्यापाशी बसून विचारत सुटले. गाई किती? कोंबड्या किती? एका गाईला पाय किती? दोन गाईंना किती? पोरांनी दोन-चार उत्तरं दिली आणि उठून गेली. बरोबर आहे त्यांचं, मी खेळ मांडला आणि त्यात बसून परीक्षा घेतली. जनावरं आली म्हणून परीक्षेचा खेळ होत नाही. हल्ली मोबाइलवर पण असले गेम बघते, हरणाचं चित्र, टाळ्यांचा आवाज, आणि मधे तोच प्रश्न की हरणं किती.

मग मी गप्प बसायचं ठरवलं आणि चार दिवस नुसतं बघितलं. शेरडंवाला रमला होता. त्यानं मातीच्या शेरडांपैकी सात उचलली होती, एकीचं शिंग मोडलं होतं ती मुंडी, एकीवर खडूचे ठिपके मारून ती कबरी, आणि तो त्यांना चरायला न्यायचा, पाणी दाखवायचा, आणायचा, बांधायचा. सुंदर खेळ होता, पण गणिताच्या बाजूनं बघितलं तर जसंच्या तसं घरचंच, प्रत्येकीला नाव, कोण आली कोण नाही ते तोंडावरून. आकड्याला तिथं जागाच नव्हती.

मग मी दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे मातीची शेरडं वाळून तडकायला लागली होती, तेव्हा मी म्हटलं आता चिंचोके म्हणजे शेरडं. पोरांना याचं काही वाटत नाही, काठीचा घोडा होतो तसं चिंचोक्याचं शेरडू होतं. पण चिंचोके सगळे सारखे, त्यांना कबरी आणि काळी अशी नावं ठेवता येत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे डॉक्टर. पावसाळ्याच्या आधी जनावरांचे डॉक्टर येतात, आंत्रविषाराची, म्हणजे शेरडा-मेंढरांच्या आतड्याच्या जीवघेण्या रोगाची लस देतात, पोरांनी ते बघितलेलं असतंच, शेरडू धरायला, पाय झाडणारं करडू दाबायला पोरंच पुढं असतात. तर मी व्हरांड्यात दवाखाना मांडला आणि शेरडं आतल्या कोपऱ्यात ठेवली, मधे दार. दवाखान्यातून आतलं दिसत नाही. नियम एकच, डॉक्टरला लस थंड पेटीतून एकदाच काढता येते, परत काढली तर खराब होते, म्हणून आधी सांगायचं किती शेरडं आहेत. बस, बाकी मी काहीच सांगितलं नाही.

डॉक्टर झाली ती आमच्यातली एक साडेपाच वर्षांची मुलगी, तोंडानं फटकळ पण कामाला वाघ. चिपाडाचे तुकडे म्हणजे सुया. पहिल्या दिवशीचं बोलणं मी तिथंच वहीत लिहून घेतलं.

"शेरडं किती हायत?"

"लय हायत."

"लय म्हंजी किती? म्या सुया किती भरू?"

"भर की. लय भर."

ती पाच सुया घेऊन आत आली. चिंचोके होते सात. पाचांना टोचून झालं, दोन राहिली, आणि ही म्हणाली संपली लस, आता उद्या. पोरगा त्या दोन चिंचोक्यांकडं बघत उभा राहिला. मग त्याचे डोळे भरून आले. "ती मरत्याल की," म्हणाला. मागच्या पावसाळ्यात त्यांची दोन करडं आंत्रविषारानं गेली होती हे मला नंतर आजीकडून कळलं. त्या क्षणी मला वाटलं खेळ थांबवावा, मीच पुढं होऊन दोन सुया द्याव्यात, हात पुढं केला पण होता. पण डॉक्टरीणबाईंनीच तोड काढली, म्हणाली, "उद्या नीट सांग मग." आणि त्या दोघींना तिनं चिंधीत गुंडाळून बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो आल्या आल्या दप्तर टाकून कोपऱ्यात गेला. त्यानं काय केलं बघा. प्रत्येक चिंचोक्यासमोर एक चिपाडाचा तुकडा ठेवला, एकाला एक, एकाला एक, सगळ्यांना पुरेपर्यंत, मग ते तुकडे गोळा केले आणि दोन्ही हातांत धरून दवाखान्यात नेऊन ठेवले. "एवड्या भर." तोंडातून आकडा एक नाही, पण हिशोब चोख. मला किती आनंद झाला ते कसं सांगू. एकास एक जोडी लावणं, हा मोजणीचा पायाच आहे, आणि तो त्यानं स्वतः शोधून काढला होता, मी दाखवला नव्हता. पूर्वी धनगर माणसं खडे ठेवून मेंढरांचा हिशोब ठेवायची असं आमच्याकडं म्हातारी माणसं सांगतात, तसंच हे.

आठवडाभर हेच चाललं. मग एक दिवस नेताना दारात पाय अडकला, तुकडे सांडले, दोन कुठं गेले ते सापडले नाहीत आणि परत शेरडं उपाशी, म्हणजे बिनलशीची. त्यानंतर त्यानं बोटं वापरायला सुरुवात केली. हे मला जवळून बघायला मिळालं म्हणून लिहिते. एकेका चिंचोक्याला एकेक बोट उघडत गेला, एका हाताची पाच झाली, दुसऱ्या हाताची दोन उघडली, आणि मग चालताना ती दोन बोटं मिटू नयेत म्हणून त्यानं ती दातात धरली. खरंच. उजव्या हाताची दोन बोटं दातात, डावा पंजा ताठ वर, दार खांद्यानं ढकललं, आणि डॉक्टरपुढं जाऊन उभा. तोंडात बोटं असल्यामुळं बोलता येईना. डॉक्टरनं पंजा मोजला, मग म्हणाली तोंड उघड, आणि दातातली दोन मोजली. "सात." ती म्हणाली, तो म्हणाला नाही. पण तिनं सात म्हटल्यावर त्यानं आपल्या बोटांकडं बघितलं, आणि परत येताना सात, सात, सात असं पुटपुटत आला.

इथं मला डॉक्टरचं कौतुक केलं पाहिजे, कारण खरं शिकवणं तिनंच केलं. मी शंभर वेळा किती विचारलं तरी त्याला तो बाईंचा प्रश्न वाटायचा, बाईंना तर शेरडं समोर दिसतायत मग विचारतात कशाला. डॉक्टरला खरोखर दिसत नव्हतं. ज्याला माहीत नाही त्याला सांगायचं असतं तेव्हाच आकडा लागतो. कबरी, काळी, तांबडी ही नावं सांगून डॉक्टरला काय कळणार, ती तर त्यांना ओळखत नाही.

पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची नोंद आहे. मातीचे बैल आणले होते पोरांनी, रंगवलेले, झूल घातलेले, त्यामुळे त्या दिवशी शेरडांकडं फारसं कोणी नव्हतं. हा मात्र बसला होता. मी त्याच्या नकळत दोन चिंचोके काढून घेतले होते, म्हणजे पाच उरले होते, बघावं म्हटलं सवयीनं सातच सांगतो का. त्यानं बोट ठेवून मोजलं, "एक, दोन, तीन, चार, पाच," थांबला, परत एकदा चटया वर करून बघितल्या, आणि दाराकडं तोंड करून ओरडला, "पाच! पाचच सुया! दोन चरायला गेल्यात!"

पाच म्हणून थांबला, किती विचारावं लागलं नाही, शिवाय सातातले पाच म्हणजे दोन कमी हेही त्यातच आलं. मी त्या पानावर तारखेखाली दोन रेघा मारल्यात. गेलमन आणि गॅलिस्टल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीची जी पाच तत्त्वं मांडली, त्यातलं शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या हे जे तत्त्व, ते आमच्या पोराला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लागलं. लगेच मी वेगळ्या डब्यातली बटणं दिली आणि म्हटलं मला सहा दे, दिली सहा. आठ दे, दिली आठ. नऊला एकदा चुकला, स्वतःच परत मोजून दुरुस्त केलं.

सप्टेंबरमधे मी एक चूक केली ती पण सांगते. गाईम्हशींच्या कानात तो पिवळा बिल्ला असतो ना, बारा आकडी नंबराचा, तो पोरांना फार आवडतो, तर मला वाटलं आकडे ओळखायला हे मस्त आहे, म्हणून पुठ्ठ्याचे बिल्ले करून प्रत्येक मातीच्या बैलाला १, २, ३ असे नंबर लावले. दोन दिवसांत गोंधळ. आपला शेरडंवाला ३ नंबरच्या बैलाला तीन पेंड्या द्यायला लागला आणि ५ वाल्याला पाच, आणि १ वाला बिचारा एका पेंडीवर. विचारलं तर म्हणाला, "त्येच्यावर तीन हाय की." चूक त्याची नाहीच. बिल्ल्यावरचा नंबर हे नाव असतं, तो किती सांगत नाही, आणि ज्या पोराला आत्ताच कुठं किती कळलंय त्याच्यापुढं मी नाव म्हणून आकडा आणून ठेवला. मी बिल्ले काढले. त्याऐवजी डॉक्टरला चिठ्ठी पाठवायची पद्धत पाडली. आधी चिठ्ठीवर पोरं शेरडाचं चित्र काढायची, सात शेरडं काढता काढता कंटाळा आला म्हणून नुसत्या उभ्या रेघा, आणि मग मोठ्या मुलीनं दाखवलं की ७ लिहिलं की झालं. शेरडाचा चिंचोका, चिंचोक्याची रेघ, रेघांचा ७. मला आता असं वाटतं की खोटंखोटं खेळणं आणि आकडा लिहिणं हे मुळात एकाच जातीचं आहे, दोन्हीत एका गोष्टीच्या जागी दुसरी धरायची असते, म्हणून जी पोरं मनसोक्त खोटंखोटं खेळतात त्यांना चिन्हाचं भय वाटत नाही.

अजून एक गंमत. पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा तो प्रसिद्ध प्रयोग आहे, दोन ओळी सारख्या, मग एक ओळ पसरवायची आणि विचारायचं कुठं जास्त. मी बटणांवर केला तर हा म्हणाला लांब ओळीत जास्त, जसं या वयाची बरीच मुलं म्हणतात. मग आठवड्यानं चिंचोक्यांवर, पण शेरडं म्हणून, आणि मी नाही पसरवली, एका मुलाला कुत्रं केलं आणि कुत्र्यानं भुंकून शेरडं पांगवली. विचारलं, आता जास्त झाली का? तर हसला. "पांगली बाई. जास्त कशी व्हत्याल?" स्कॉटलंडमधे सत्तरच्या दशकात मॅकगॅरिगल आणि डोनल्डसन यांनी हेच केलं होतं, तिथं खोडकर टेडी अस्वल येऊन ओळ विस्कटायचं आणि तेव्हा बऱ्याच जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. बाईंनी मुद्दाम ओळ बदलून परत विचारलं की मुलाला वाटतं, ज्या अर्थी विचारतायत त्या अर्थी काहीतरी बदललं असणार. कुत्र्यानं पांगवल्यावर तसं वाटायचं कारणच नाही.

सगळ्यांना हा खेळ लागू पडला असं मात्र नाही. तेवीस पोरांतली आठ-नऊच नियमानं खेळायची. एका मुलीला लांडगा व्हायचं होतं, आमच्या माळावर लांडगे आहेतच, तर लांडगा येऊन दोन शेरडं नेणार, उरली किती, असा वजाबाकीचा खेळ आपोआप सुरू झाला आणि बाकीची पोरं खूश. पण शेरडंवाल्यानं चिंचोके चड्डीच्या खिशात घातले आणि काही केल्या बाहेर काढेना. त्याच्या घरी लांडगा ही गोष्ट नाही, खरं नुकसान आहे. मी लांडग्याला कोंबड्यांच्या डालग्याकडं वळवलं. मूल ज्या खेळात एवढं जीव लावतं तिथं वजाबाकी शिकवायची म्हणून त्याचा जीव दुखवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, वजाबाकीला दुसऱ्या शंभर वाटा आहेत. त्याच्यासाठी वाट होती खुंट्यांची. चिखलाच्या वड्यांना सात भोकं पाडली, एका भोकात एक शेरडू, संध्याकाळी बांधायचं, जेवढी भोकं रिकामी तेवढी अजून माळावर. सगळी चरायला गेली की डॉक्टरनं विचारलं किती, तर "एक बी न्हाई," आणि चिठ्ठीवर काय लिहायचं ते कुणालाच कळेना म्हणून एक दिवस कोरी चिठ्ठी गेली. शून्य मी दुसऱ्या दिवशी दाखवलं, आणि ते लगेच पटलं, रिकाम्या भोकासारखंच दिसतं म्हणाले.

माझी बहीण पिंपरीला असते, तिला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली आमच्याकडं शेरडं कुठली. पण तिच्या सोसायटीच्या खाली चार भटकी कुत्री आहेत आणि तिची पोरगी त्यांना जीव लावते. तर त्यांनी घरात उशांची कुत्री केली, पोरगी हॉलमधे कुत्र्यांपाशी आणि बहीण स्वयंपाकघरात पोळ्या देणारी, ओट्यापासून काही दिसत नाही, एकदाच देणार, किती हव्यात ते सांग. तिथंही तेच चाललं. जनावर कुठलं यानं फरक पडत नाही, मुलाचं त्याच्यावर प्रेम हवं, आणि मधे एक भिंत हवी.

दिवाळीपर्यंतची स्थिती अशी. दहापर्यंत मागाल तेवढं देतो, बारापर्यंत बहुतेक वेळा. कमी-जास्त सांगतो. ७ पर्यंतचे आकडे ओळखतो, फक्त ६ आणि ९ मधे गोंधळतो. एकोणीस अजून म्हणता येत नाही, वीसाच्या आधीचा एक उणा हे त्याच्या वयाला कळायला अवघडच, आणि मी त्यावर जोर दिला नाही. वहीतलं "संख्याज्ञान कच्चं" मी खोडलं. त्या जागी नवीन काही लिहिलं नाही, फक्त तारीख टाकली.

भाऊबीज झाल्यावर ते कळप घेऊन गेले. त्या खेपेला त्याला पण बरोबर नेलं. जूनमधे परत आला, हातभर उंच झालेला, उन्हानं काळा पडलेला, आणि डॉक्टर तर आता पहिलीत गेलेली. मी सवयीनं डबा पुढं सरकवला आणि म्हटलं, आठ दे बरं. त्यानं आठ मोजून काढले, पण माझ्या हातात दिले नाहीत, मुठीत धरून ठेवले आणि विचारलं, "कुणाला द्यायच्यात?"